लो सेटिंगवरचा बांध

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता सविताने नवऱ्याच्या कॉम्प्युटरची पूजा केली आणि ती मनापासून केली, ही या प्रकरणातली मूळ चूक.

ट्रॅक्टरची पूजा म्हणजे इंजिनाची पूजा, सीटकव्हरची नव्हे, हे ती माहेराहून शिकून आली होती. त्यामुळे तिने कॅबिनेटची काच सरकवली, आतल्या तीन पंख्यांच्या काळ्या पट्टीला हळद-कुंकू वाहिले, वर मूठभर अक्षता टाकल्या आणि मागच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार चढवला. त्या पट्टीला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तिची गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. म्हणजे साडेनऊपर्यंत पडत होती.

सविताचा नवरा सुनील शेवगाव रस्त्यालगतच्या घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा काढणे आणि पीक विम्याचे अर्ज भरणे यासाठी त्याचा जुना कॉम्प्युटर पुरून उरत होता. पण जुन्या कॉम्प्युटरवर युद्धाचे गेम अडखळत. नव्यावर शत्रूच्या दाढीचा केस न् केस वेगळा हलायचा. हे कारण वडिलांना सांगण्यासारखे नसल्यामुळे त्याने दुसरे सांगितले होते.

"आबा, मोबाईलच्या नकाशात बांध धूसर दिसतो. या कार्डावर बांधावरची बाभूळसुद्धा दिसंल."

बाभूळ हा शब्द त्याने विचारपूर्वक वापरला होता. वडील कारभारी आणि त्यांचा भावकीतला शेजारी गहिनीनाथ यांच्यात एका बाभळीवरून सहा वर्षे अबोला होता. बाभूळ माझ्या हद्दीत, असे दोघांचेही म्हणणे. सहा दसरे त्यांनी एकमेकांना आपट्याचे पान दिले नव्हते. कारभारींनी त्याच संध्याकाळी परवानगी दिली.

त्यानंतर सात महिने सुनील 'सॅटेलाइट ढगाआड हाय' असे सांगत आला. शेवगाव तालुक्यात सलग सात महिने ढग, यावर कारभारींनी विश्वास ठेवला. ढग दिसणे आणि पाऊस न पडणे, यात त्यांना नवीन काही नव्हते.

पूजा झाल्यावर यंत्र चालवून पाहायचे असते, या सबबीखाली सुनीलने गेम लावला. सगळी सेटिंग सर्वांत वरची. हिरवीगार दरी, खळाळता ओढा, ओढ्यात ढगांचे प्रतिबिंब आणि टेकडीवर खांद्याला बंदूक लावलेला त्याचा शिपाई. दहा वाजून दहा मिनिटांनी दार उघडले आणि कारभारी आत आले. मागे गहिनीनाथ.

"बस," कारभारी गहिनीनाथला म्हणाले. सहा वर्षांतला हा पहिला शब्द. "आज सोक्षमोक्ष. सुन्या, चार लोकांकरवी आमचं ठरलंय. मशीन दावंल ते दोगांना मान्य."

"आन् न्हाई दावलं तर?" गहिनीनाथने विचारले.

"तर मशीन उद्याच्या उद्या इकून टाकतो. लागलाय का नकाशा?"

खरे बोलण्याची संधी अशी साधारण अर्धा सेकंद असते. खरा नकाशा दाखवावा तर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून इंटरनेट दोन दिवस बंद.

"लागलाय," सुनील म्हणाला.

दोघे वाकून पाहू लागले.

"कारभारी," गहिनीनाथ म्हणाला, "आपल्या रानात एवढं पानी हाय आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

"सुन्या, हे कोल्हापूरकडचं लागलंय."

"पावसाळ्यातला फोटो हाय, आबा."

"कंच्या सालच्या पावसाळ्यातला?"

उत्तर सुचण्याआधीच कॅबिनेटमधून जात्यात खडा यावा तसा आवाज आला. अक्षता पंख्यात पोचल्या होत्या. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चौऱ्याण्णव झाला. सेकंदाला शंभराहून जास्त चित्रे दाखवणारे यंत्र सात-आठवर आले. ओढा थांबत थांबत वाहू लागला.

"आडकतंय," गहिनीनाथ समाधानाने म्हणाला. "मी म्हनलंच हुतं, डबडं हाय."

सुनीलने मागच्या हाराला हात घातला.

"हात काढ!" कारभारी कडाडले. "दसऱ्याचा हार सोनं वाटल्याबिगर उतरवीत न्हाईत."

"आन् मी काय उतरवायला ववला का?" दारातून सविता म्हणाली.

हार निघणार नव्हता, यंत्र बंद केले तर विकले जाणार होते. उरला एकच मार्ग: चित्रातले बारकावे कमी करून कार्डावरचा भार उतरवणे. सुनीलने सेटिंग उघडली आणि छातीवर दगड ठेवून गवताची पातळी 'लो' केली. दरीतले गवत एका क्षणात नाहीसे झाले.

"आता हे काय झालं?"

"सोंगनी झाली, आबा."

पंख्यांचा आवाज कमी होईना. त्याने पाण्याची पातळी उतरवली. ओढ्यातले ढग गेले, खळखळ गेली, राखाडी पट्टा उरला.

"आटला," गहिनीनाथ म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढली. "आता वळखीचं वाटाया लागलं."

झाडांची पातळी उतरली, तशी लांबची सगळी झाडे गायब झाली.

"झाडं कुटं गेली?" कारभारींनी विचारले.

"रस्ता रुंदीकरन," गहिनीनाथने परस्पर उत्तर दिले.

सावल्या गेल्या. मग जमिनीचे बारकावे गेले. सात महिने जपलेली दरी पाच बटनांत उजाड, सपाट, मातकट झाली. सुनीलला ते पाहवेना. दोन्ही म्हातारे मात्र उभे राहिले.

"दोनशे सतरा!" कारभारी ओरडले. "आपला गट! मगाशी कुटलं काय लावलं हुतंस रं?"

"ही माझी इहीर," गहिनीनाथने एका काळ्या चौकोनावर बोट ठेवले. "पानी न्हाई. बरोबर हाय."

मधोमध दगडांचा एक बांध शिल्लक होता. बांधाजवळ टोकाला शिपाई.

"हा कोन बंदूक घेऊन?" गहिनीनाथने विचारले.

"बंदूक न्हाई, तात्या. मोजनीचं यंत्र हाय," सुनील म्हणाला. "मोजनीवाला हाय तो."

"काय करतोय?"

"उभा हाय."

"मंग मोजनीवालाच हाय," गहिनीनाथ म्हणाला. त्याची शेवटची शंका फिटली.

सुनीलने मोजणीवाल्याला बांधावरून हळूहळू चालवले. म्हातारे श्वास रोखून पावले मोजू लागले. एकोणिसाव्या पावलाला एक झाड आले. खालच्या सेटिंगवर त्याची फळी झाली होती, पाने नावालाही नव्हती.

"बाभूळ," कारभारी हळूच म्हणाले.

"वठलेली," गहिनीनाथ म्हणाला.

"पर हाय कुटं?"

फळी बांधाच्या बरोबर मध्यावर उभी होती. ना इकडे, ना तिकडे. दोघे एकमेकांकडे पाहू लागले.

"सहा वर्सं, गहिन्या," कारभारी म्हणाले.

"तू आडमुठा."

"तू कमी हाय का?"

संध्याकाळची वाट कुणी पाहिली नाही. सविताने देवघरातून आपट्याची पाने आणून दिली. मिठी मारताना दोघांचे फेटे सुटले.

ते गेल्यावर सविताने हार उतरवला.

"अहो, मोजनीवाल्याचा घोडा दिसला न्हाई आज?"

"कसला घोडा?" सुनीलने विचारले.

"परवा पळत हुता की त्याच्यावरून. मागं आठ-दहा जन लागले हुते. त्यांच्या पन बांधाचं काय हुतं का?"

सुनीलने घाईने गेम बंद केला. तिने पुढे विचारले नाही. निदान मामंजींपुढे तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुंकवाला धक्का न लावता ब्रशने पंख्यांतले तांदूळ काढले, पाचही बटने पुन्हा वर नेली आणि दरी हिरवी झालेली डोळे भरून पाहिली. तेवढ्यात दार वाजले. ओट्यावर सातबारे घेऊन अकरा शेतकरी बसले होते. सर्वांत पुढे, खुर्चीवर, कारभारी.

"सुन्या, ते हिरवं बंद कर," ते म्हणाले. "लोकांची खरी भांडनं हायेत."

तालुक्यातले बहुधा सर्वांत ताकदवान ग्राफिक्स कार्ड त्या दिवसापासून दहा ते सहा सर्वांत खालच्या सेटिंगवर चालते. इतक्या हलक्या कामाला पंखे फिरतही नाहीत. त्यामुळे त्यांच्यावरचे कुंकू अजून जसेच्या तसे आहे.