मुक्या गाडीचा भोंगा

मुकेशनं अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर चालणारी हायब्रीड गाडी आणली आणि ती त्याच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या मनातून पहिल्याच दिवशी उतरली. गाडी देखणी होती, पण सुरू झाली तरी आवाज नाही. देवळीच्या बाजारातून अख्खी फेरी मारली, एकानंही मान वळवली नाही.

"एवढ्या पैशाची गाडी अन् मांजरीवानी चालते! उद्या आर्वीले कुंताच्या नातीचं साक्षगंध हाये. मी गाडीनं आली हे तिले कळन कसं?"

कुंताबाई म्हणजे धाकटी जाऊ. तिच्या दारात एसटीची धूळ अंगावर घेऊन जाण्यात मनकर्णाबाईंची हयात गेली होती. शेवटी मुकेशनं ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्या प्रफुलकडून भोंगा बसवून घेतला.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या सकाळी मनकर्णाबाई जरीचं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या. "दाब," म्हणाल्या. मुकेशनं दाबला. भोंगा म्हशीसारखा अर्धवट रेकला, दिवे लुकलुकले, विझले, आणि जळक्या रबराचा वास सुटला.

प्रफुल धावत आला. त्यानं बोनेट उघडलं, आतल्या मोठ्या बॅटरीच्या जाड नारिंगी वायरी पाहिल्या आणि मागं सरकला. "मोठी बॅटरी गेली, काकू. नागपूरले न्या लागन."

"ने नागपूरले. तोवर पोरीले लेकरं होतीन!"

"मोठी चार्ज हाये," मुकेश म्हणाला. "पण लहान बॅटरीनं उठवल्याबिगर ते उठत नाई. लहानीचा फ्यूज पाह्य."

फ्यूज जळाला होता. प्रफुलनं नवा घातला. फट! आणखी एक घातला. फट!

"उंदरानं वायर कातरली असन," प्रफुल म्हणाला. उंदीर सापडला नाही. मग गाडी धुतली काऊन, असं विचारून झालं. शेवटी त्याची नजर समोर टांगलेल्या लिंबू-मिरचीवर गेली. "लिंबाचं पाणी वायरीत उतरलं, काकू."

"माह्या लिंबाले बोलू नको! अरे, पोट दुखलं तं माणूस आधी काल काय खाल्लं ते इचारते. हिनं काल तुह्या भोंगा खाल्ला!"

"माह्यं काम पक्कं असते."

"मंग काढून दाखव."

भोंग्याची वायर बोनेटच्या बिजागरीत चेपून उघडी पडली होती आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं. प्रफुलनं ती काढली, फ्यूज घातला. गाडी जागी झाली, अर्थात चिडीचूप.

आर्वीपर्यंत मनकर्णाबाईंचं एकच चाललं होतं. उशीर झाला म्हणून कुंता काय बोलेल आणि आपण तिला कसं तोडायचं, याला त्या मनात धार लावत होत्या.

गाडी मंडपाशी पोचली तेव्हा कुंताबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि कुणावर तरी ओरडत होत्या. "हटव तुही फटफटी! आमच्या मोठ्या बाईची जागा हाये ते. गाडीनं येऊन राह्यल्या, मुकेशचा फोन आला होता. त्यायच्याबिगर अंगठी घालू देणार नाई मी, पाहुणे रुसले तं रुसले!"

मनकर्णाबाईंनी उघडी काच हळूच वर केली.

"मुकेश, गाडी मागं घे."

"काऊन वो आई?"

"घे म्हटलं नं! असं ऐकल्यावर मी तिच्यासंग भांडू कशी? वळणापाशी ने, पुन्हा येऊ."

गाडी जशी आली तशी गेली, कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्यांदा मात्र कुंताबाई वाटेकडेच डोळे लावून उभ्या होत्या.

"आल्या का वो बाई! मले वाटलं, धक्का मारत येता का काय."

मनकर्णाबाईंचा जीव भांड्यात पडला. पदर सावरून त्या ऐटीत उतरल्या.

"हाव, तुह्यीच वाट पाह्यली धक्का माराले. चाल, अंगठी कुठं हाये?"