ओढून बघणारे गायकवाड सर

आमच्या येरवड्याच्या सोसायटीत कुणी काहीही चिकटवलं की गायकवाड सर ते नखाने ओढून बघतात. दारावरची पाटी, स्कूटरवरचं स्टिकर, काहीही. पुनर्विकासाच्या नावाखाली चाललेल्या दादागिरीविरुद्ध मी जिन्यात पत्रक लावलं, तर हे कोपरा सोडवून उभे!

"मजकूर जहाल आहे, कार्यकर्तीबाई. भिंत पुसली होती का?"

"सर, इथे लोकांची घरं जातायत!"

"म्हणूनच विचारतोय. धुळीवर क्रांती टिकत नाही."

संताप येईल नाही तर काय?

सर कोल्ड स्प्रेवर संशोधन करतात. धातूची पूड न वितळवता, आवाजाहून जास्त वेगाने झिजलेल्या भागावर मारायची. कण आदळून चपटे होतात, घट्ट बसतात, थरावर थर चढतो. मग लेपाची पकड बघायला त्यावर एपॉक्सी नावाच्या गोंदाने खुंटी चिकटवून यंत्राने ओढायची. लेपाआधी एपॉक्सीच सुटली तर चाचणी वाया, म्हणून ती एपॉक्सी महाजालीम. "ओढून बघितल्याशिवाय चिकटलं म्हणू नये," हे त्यांचं पालुपद. माझ्या ताईच्या लग्नात त्यांनी नवरा-नवरीच्या उपरण्याच्या गाठीलाही हिसका दिला होता.

इमारत पाडायला सगळ्यांनी सह्या दिल्या. सरांनी दिली नाही. मी पेटलेच. 'ज्येष्ठ शास्त्रज्ञाचा बिल्डरशाहीला नकार!' असं पत्रक छापून दाखवायला वर गेले.

सर बेसिनवरच्या आरशामागे बारीक तार सरकवत होते.

"खोटं छापू नका. बिल्डरशी माझं काही भांडण नाही. हा आरसा निघत नाहीये."

"मग नवा घ्या की!"

सर तार सरकवतच राहिले. तेव्हा मला आरशाच्या कडेला लावलेली मरून टिकली दिसली. सरांच्या पत्नी, सुमनकाकू, जाऊन वर्ष झालं होतं.

"आरसा हलतो म्हणून सुमनची सारखी तक्रार," सर म्हणाले. "लॅबमधली उरलेली एपॉक्सी आणली. भिंत अगदी लख्ख पुसली होती हो. थोडी धूळ ठेवायला हवी होती."

"टिकली तेवढी काढून घेतली तर?"

"एकदा ओढून काढला की तो नमुना संपला, बाई. आणि ही तिने लावलीय."

त्यांचं नख टिकलीजवळ गेलं आणि तसंच मागे आलं. तिची एक कड आपणहून सुटत आली होती.

इमारत पडणार, हे मला तेव्हा कळत होतं. घोषणा एकही सुचेना. पत्रक घडी करून पिशवीत टाकलं आणि तारेचं दुसरं टोक धरलं.

"हळू," सर म्हणाले. "ओढू नका."