चंद्र कुठला धरायचा?

"चार तासांत अमेरिका!" यज्ञेश्वर आगाशे तिकीट नाचवत स्वयंपाकघरात शिरले. "मुंबईहून सकाळी सातला निघायचं, सॅन फ्रान्सिस्कोला अकराला हजर. त्याच दिवशी! लोक उगाच बोंबलतात, लांब आहे म्हणून."

मंदाकिनीबाईंनी तारीख पाहिली, मग भिंतीवरची दिनदर्शिका. "अहो, त्या दिवशी संकष्टी आहे."

झालं! लेकीला, हेमाला, मूल व्हावं म्हणून बाईंनी धरलेली संकष्टी आजवर एकदाही मोडली नव्हती. आता तिकडे अमेरिकेत हेमाला आठवा लागला होता, तिकीट बदलून मिळणारं नव्हतं, आणि कोथरूडात राहून दिनदर्शिका न बघता तिकीट काढणारा महाभाग समोर उभा होता.

"उपास मोडणार असेल तर मी येत नाही," बाई म्हणाल्या.

"चार तासांचा तर प्रश्न! हवं तर मीसुद्धा धरतो."

आजवर यज्ञेश्वरांची संकष्टी म्हणजे पोटभर जेवण आणि वर बायकोच्या खिचडीत वाटा. पण बोलून बसले खरे.

वरच्या मजल्यावरच्या श्रीनिवासने मोबाइल बघून त्यांचं विमान जमिनीवर आणलं. "काका, तेरा हजार किलोमीटर आहे. फ्लाइट टाइम साडेसोळा तास. तिकडचं घड्याळ मागे असतं ना!"

"मग माझ्या तिकिटातले बाकीचे तास गेले कुठे?"

"गेले नाहीत काका. बसून काढायचेत."

यज्ञेश्वरांनी पृथ्वी म्हणून मोसंबं घेतलं, त्यावर विमान म्हणून मोहरीचा दाणा ठेवला. पण दाणा फिरवायचा की मोसंबं, इथेच गाडी अडली. दोन्ही फिरवल्यावर दाणा हरवला. आणि वाटेत चंद्र उगवला तर तो कुठला धरायचा? त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"आमच्याकडे चंद्रोदय फक्त पुणे महापालिका हद्दीतला मिळतो," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी यज्ञेश्वरांनी स्वतःच निकाल दिला. "जिथे आपण, तिथला चंद्र! शास्त्र म्हणजे शास्त्र."

मंदाकिनीबाईंनी सामानाच्या यादीत एक डबा वाढवला. तिथेच यज्ञेश्वरांनी सावध व्हायला हवं होतं.

विमानात जेवणाच्या गाड्या दोनदा येऊन गेल्या. भाजलेल्या बटाट्याच्या वासाने यज्ञेश्वरांचा जीव कासावीस झाला. कॅलिफोर्निया जवळ आलं, तेव्हा बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, हात जोडले आणि तळलेल्या मोदकांचा डबा उघडला.

"हे काय? खाली ऊन आहे!"

"पुण्यात चंद्र उगवला. संकल्प मी आपल्या देवघरासमोर सोडलाय. माझा चंद्र कोथरूडचा."

"मग माझा?"

"जिथे आपण तिथला, आपणच म्हणालात. शास्त्र म्हणजे शास्त्र."

लेकीच्या घरी यज्ञेश्वर रात्री दहापर्यंत अंगणात मान वर करून उभे होते. वर नुसतं दाट धुकं.

"बाबा, इथे उन्हाळ्यात हे असंच असतं," पोटावर हात ठेवून हेमा म्हणाली. "चंद्र काही आज दिसत नाही."

यज्ञेश्वरांनी आखडलेली मान खाली केली. "हेमा, पुण्यात आत्ता किती वाजले गं?"

"सकाळचे साडेदहा. उद्याचे."

"म्हणजे पंचमी उजाडली! मंदा, मी नीट विचार केला. माणूस कुठेही असो, चंद्र आपल्या गावचाच धरावा. शास्त्रच आहे तसं."

बाईंनी पदराआडून डबा काढला. आत पाच मोदक होते.

"घ्या. हे शास्त्र बदलणार, हे मला कोथरूडातच ठाऊक होतं. म्हणून तर जास्तीचे तळले."