गाठीचा कायमचा पत्ता

सहा वर्षांच्या टिकलीच्या गळ्यात मधोमध एक जन्मजात गाठ होती आणि ती एका जागी राहत नव्हती. टिकलीने जीभ बाहेर काढली की गाठ वर सरके, जीभ आत घेतली की खाली येई. सर्जनबाईंनी तेवढ्यावरून दुखणं ओळखलं, सोनोग्राफीने खात्री केली आणि ऑपरेशनची तारीख दिली.

"एकदा पिकून गेली आहे," त्यांनी आईला बजावलं. "पुन्हा पिकायच्या आत काढू."

फाइल मंजुरीसाठी रुग्णालयाच्या पडताळणी कक्षात गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली.

"सर्जनबाईंच्या कागदावर गाठ खाली, सोनोग्राफीच्या कागदावर एक सेंटिमीटर वर," कारकून म्हणाले. "म्हणजे गाठी दोन."

"अहो, तिथे तिने जीभ बाहेर काढली होती."

"जिभेचा रकाना नाही, ताई. गाठीचा कायमचा पत्ता लागतो."

 आईने टिकलीला टेबलासमोर उभं केलं. टिकलीने मन लावून जीभ दाखवली. भिंतीवर 'कर्मचाऱ्यांशी सभ्यतेने वागा' अशी पाटी होती, त्यामुळे प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी पाच जणांची समिती नेमली. तुलनेसाठी पाचही जण आपापल्या गळ्याला हात लावून, जिभा बाहेर काढून बसले. दोघांच्या गळ्यात काहीतरी हललं, त्यांनी तातडीने वैद्यकीय रजा टाकली. कोरम मोडला.

तोवर तारीख टळली. गाठ लालबुंद झाली, टिकली तापाने फणफणली आणि आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आधी औषधं, मग दोन महिने वाट पाहणं. अखेर कक्षाची वाट न पाहता सर्जनबाईंनी गाठ काढली. ती पुन्हा उगवू नये म्हणून तिची जिभेकडे जाणारी नळी आणि वाटेतल्या गळ्याच्या हाडाचा तुकडाही काढला. आईचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याभरात कक्षाचं पत्र आलं : 'दोनपैकी एकच गाठ काढल्याचे दिसते. दुसरीसह समक्ष हजर राहावे.'

टिकली हजर झाली. कोणी सांगायच्या आधीच तिने कारकुनांना लांबलचक जीभ दाखवली. काहीच सरकलं नाही.

"दुसरी गाठ पत्त्यावर आढळली नाही," कारकुनांनी लिहिलं. "शोध चालू."

शोध अजून चालू आहे. इथवर वाचताना तुमचाही हात गळ्याकडे गेला असेल, जीभही थोडी बाहेर आली असेल. काही हललं असेल तर जीभ गुपचूप आत घ्या. कक्षाला एक गाठ कमी पडते आहे.