ठेच्यातला जमालगोटा

गोरेगावच्या पेठेत मारुतीसमोर एक निळा दरवाजा होता. त्यावर खडूनं लिहिलेलं होतं : 'उत्तमराव. मराठवाड्यातले एकमेव गुप्तहेर. ओळख अत्यंत गुप्त ठेवली जाते. आत येण्यापूर्वी मोठ्यानं हाक मारावी.'

"दाजी," उत्तमराव मला नेहमी सांगायचे, "माझं नाक हे नाक न्हाई, कचेरी आहे. वास आला की जबानी, जबानी झाली की निकाल. डोळे घारीचे, कान सशाचे, चाल मांजराची. माझ्यासारखा माणूस शंभर वर्षांत एकदा होतो."

शंभर वर्षं मोजून नेमका माझ्याच वाट्याला का आला, हे मी विचारत नसे. इतकी जनावरं एका धोतरात कशी मावतात, हेही विचारत नसे. कारण उत्तमराव माझ्या बायकोचे थोरले भाऊ होते. पूर्वी ते एका जकात नाक्यावर शिपाई होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतली पोती हुंगायचे. अकरा वर्षांत त्यांनी एकच छडा लावला. एका पोत्यात मिरच्या आहेत, हे त्यांनी केवळ वासावरून ओळखलं आणि तीन दिवस शिंकत होते. पोत्यावर 'मिरच्या' असं लिहिलेलं होतं, पण त्यांच्या मते ती गुन्हेगाराची चाल होती. मी सटवाजी, किराणा दुकानदार, दुकान सांभाळून त्यांचा मदतनीस. मदतनीसाचं काम एवढंच की पिशवी धरायची आणि अधूनमधून "अरे वा!" म्हणायचं.

मी सांगतो ती गोष्ट एकोणीसशे छत्तीस सालची. आमची पेठ म्हणजे एकच गल्ली. तोंडात विडा घालून या टोकाला निघालं, तर तो रंगायच्या आत दुसरं टोक यायचं. पण तेवढ्या वाटेत बांगड्या, घागरी, घोंगड्या, गूळ, सगळी खरेदी व्हायची. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं यायची, पिशव्या भरायची आणि मग जेवायला रुक्माबाईच्या खानावळीत शिरायची. ज्वारीची भाकरी, वांगं, डाळ आणि तो ठेचा! ठेच्यानं तोंड पेटलं की ते विझवायला समोर हरिचंदचं हॉटेल होतंच. तिथं जिलबी आणि चहा. माझं दुकान दोघांच्या मध्ये, त्यामुळे गिऱ्हाईक पोट भरल्यावर माझ्याकडे बडीशेप घ्यायला यायचं.

दसऱ्यानंतर महिनाभरानं रुक्माबाई माझ्या दुकानात आली. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती एकटी खानावळ चालवत होती आणि तिनं कधी कुणाकडे तोंड वेंगाडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिचा आवाज बसला होता.

"सटवाजीभाऊ, माणसं येतात, बोटं चाटून खातात, आणि पुन्हा फिरकत न्हाईत. काहून? माझ्या हाताला झालं तरी काय?"

"चव तर तीच आहे की."

"मग? पुढल्या बाजारालाबी असंच झालं, तर मी भांडी बांधून वसमतला भावाकडं चालले. गाडी सांगून ठेवली. नऊ वर्षं माझी चूल होती. आता वहिनीच्या चुलीपाशी फुंकणी धरून बसंल."

गुळाच्या ढेपांमागून आवाज आला, "बाई, तुमी कुठं जाऊन न्हाई राहिल्या!"

ढेपांमागून उत्तमराव बाहेर आले. ते तिथं सकाळपासून लपले होते. कशासाठी, ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण मिशीला गूळ लागला होता.

त्याच दिवशी बाजार होता. आम्ही खानावळीत तपासाला गेलो.

"दसऱ्यापासून इथं काय बदललं?" उत्तमरावांनी दरडावून विचारलं.

"काहीच न्हाई. उलट सोय केली. पाटावर बसून लोकांचे गुडघे धरतात, म्हणून दसऱ्याला हे नवं बाकडं करून घेतलं."

"बाकड्याचं राहू द्या, मुद्द्याचं बोला," उत्तमराव म्हणाले आणि बाकड्यावर बसले. मीही त्यांच्या शेजारी बसलो. तपासाचा भाग म्हणून त्यांनी चार भाकरी खाल्ल्या.

आमच्यानंतर गिऱ्हाइकं आली. पाटील जेवले, "वा, रुक्माबाई!" म्हणाले, उठले, आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. उजवा हात पाठीमागे गेला आणि ते रामराम न करता, आमच्याकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी दारातून बाहेर पडले. मग शाळेचे मास्तर उठले. त्यांनी छपराखालीच छत्री उघडली, ती पाठीमागे धरली आणि धूम ठोकली. तिसऱ्यानं नुकतंच विकत घेतलेलं घमेलं पाठीला लावलं.

उत्तमराव माझ्या कानाला लागले. "हात मागं. तोंड कसनुसं. पाय घाईत. दाजी, काय समजायचं?"

"पोट बिघडलं?"

"बिघडलं न्हाई, बिघडवलं! ठेच्यात जमालगोटा!"

"अरे वा!" मी म्हणालो.

एवढं बोलून उत्तमराव झोकात उठले आणि जागच्या जागी थांबले. चेहऱ्यावरून घारबीर सगळं उडून गेलं. "तुमी पुढं व्हा, दाजी," ते हळूच म्हणाले. "गुप्तहेर नेहमी मागं राहतो."

मीही उठलो. आणि का कोण जाणे, मलाही पुढं होता येईना. शेवटी दोघंही भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे आडवे घरी पोचलो. वाटेत कुणीच कुणाला कारण विचारलं नाही. आमच्या घराण्यात एकमेकांची लाज राखतात.

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी माझीच जबानी घेतली. "या गावात जमालगोटा कोण विकतं?"

"मी."

"हं! आणि शेवटचा कुणी नेला?"

"तुमीच. दिवाळीत अनारसे जास्त झाले तेव्हा."

त्यांनी वहीत ते लिहिलं, मग खोडलं. "मला वगळा," ते म्हणाले. "मी तपासावर आहे."

आठवडाभर ते हरिचंदच्या हॉटेलावर नजर ठेवून होते. नजर आतूनच ठेवावी लागते, त्यामुळे जिलबीही खावी लागली. त्यांचा तर्क सरळ होता. खानावळ बंद पडली तर फायदा शेजाऱ्याचा. शिवाय हरिचंद दुपारचं जेवण रोज रुक्माबाईकडेच घ्यायचा आणि त्याला कधीच काही व्हायचं नाही. तो देहानं एवढा मोठा होता की बाकड्यावर बसला असता तर शेजारच्याला अंगणात बसावं लागलं असतं. म्हणून तो आपला खाली पाटावर बसे, शांतपणे जेवे आणि शांतपणे जाई.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, गल्ली माणसांनी फुललेली असताना, उत्तमराव खानावळीच्या दारात उभे राहून गरजले, "गावकऱ्यांनो! गुन्हेगार तुमच्यासमोर बसून भाकरी खाऊन राहिला!"

हरिचंदनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"हरिचंद, इथून सगळे पळतात. तुमीच तेवढे पळत न्हाई. काहून?"

"उत्तमराव, मला पळता आलं असतं, तर मी असा झालो असतो का?"

"ह्या ठेच्यात तुमी जमालगोटा घालता!"

हरिचंदला वाईट वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "अरे बाबा," तो म्हणाला, "हिचं तिखट खाऊनच लोक माझं गोड मागतात. महिना झाला, माझी जिलबी मीच खाऊन राहिलो. मी काहून हिच्या पायात पाय घालू?" मग त्यानं ठेच्याचं अख्खं वाडगं उचललं आणि सगळ्यांच्या देखत चाटूनपुसून संपवलं. डोळे लाल झाले, कानातून धूर निघतो की काय असं वाटलं. आम्ही वाट पाहिली. एका उचकीखेरीज काहीही झालं नाही.

पण 'जमालगोटा' हा शब्द तोवर पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता, आणि हरिचंदची उचकी काही तिथवर ऐकू गेली नाही. भर दुपारी खानावळ रिकामी. माणसं दारावरून जाताना पोट धरून जात होती, न खाताच.

रुक्माबाई बाहेर आली. ओरडली नाही. "उत्तमराव," ती म्हणाली, "मी चोर धरा म्हणलं होतं. तुमी मलाच धरून दिलं." आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. थोड्या वेळानं वसमतची गाडी दारात येऊन उभी राहिली.

मी उत्तमरावांना घरी घेऊन आलो. ते ओसरीवर बसले. किती तरी वेळ त्यांनी एकही तर्क मांडला नाही, आणि मला त्यांची काळजी वाटू लागली.

गोजरबाई, म्हणजे माझी बायको, आतून आली आणि तिनं आम्हा दोघांना पाठमोरं उभं केलं. एक ठिगळ माझ्या धोतरावर, एक तिच्या भावाच्या. दोन्हींवर तिनं बोट ठेवलं.

"तुमी म्हणला उंदरानं कुरतडलं. दादा म्हणला गुन्हेगारांशी झटापट झाली. मास्तरीणबाई धोतर शिवायला घेऊन आली, तर म्हणे बोरीचा काटा लागला. पाटलीणबाई म्हणे गाईनं शिंग मारलं. महिनाभर मी ठिगळं लावून राहिले. आज सगळी आठवून पाहिली, तर फाटलंय एकाच जागी, एकाच मापाचं. उंदीर, गाय आणि बोर काय ठरवून आले होते? खरं सांगा, तुमी दोघं बसला कुठं होता?"

मी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाकड्यावर," आम्ही म्हणालो.

गोजरबाई पायात चपला न घालताच निघाली. खानावळीत तिनं कापसाचा बोळा घेतला आणि बाकड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. हातहातभर अंतरावर कापूस अडकत गेला. डासाच्या सोंडेएवढी खिळ्यांची टोकं एका ओळीत वर आली होती. बसताना कळायचं नाही. उठताना मात्र टर्रकन् धोतर जायचं. आणि भरल्या पेठेत 'माझं मागून फाटलं' असं कोण सांगणार? जो तो आपलंच धोतर जुनं समजून गप्प बसला होता.

उत्तमराव गुडघ्यावर बसून खिळ्यांकडे बघत राहिले. "हे काम आतल्या माणसाचं आहे," ते म्हणाले.

"सुताराचं," गोजरबाई म्हणाली.

रुक्माबाईनं वरवंटा उचलला आणि खिळे ठोकून बसवले. एकेक खिळा एका घावात बसत होता, पण तिनं दहा दहा घातले, आणि प्रत्येक घावाला ती उत्तमरावांकडे बघत होती.

"आता काय उपयोग," शेवटी वरवंटा ठेवून ती म्हणाली. "लोकांच्या डोक्यात जमालगोटा बसलाय."

उत्तमराव उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी बाकडं ओढत गल्लीत नेलं, त्यावर चढले आणि ओरडले, "गावकऱ्यांनो, मी चुकलो!"

असं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. गल्ली थांबली. कासाराच्या हातात एका बाईचं मनगट तसंच राहिलं.

"ठेचा निर्दोष आहे. हरिचंद निर्दोष आहे. गुन्हा ह्या बाकड्याच्या खिळ्यांनी केला. आणि पुरावा…" उत्तमराव थांबले, डोळे मिटले, उपरणं वर केलं आणि पेठेला पाठ दाखवली.

धोतरावर गोजरबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ होतं, चांगलं हातभर.

कुणी हसलं नाही. मग मास्तरांनी छत्री मिटली आणि पाठ फिरवली. हिरवं ठिगळ. पाटलांनी भर उन्हात पांघरलेली घोंगडी खाली टाकली. हिरवं ठिगळ. मग घमेलंवाला, मग कासार, मग मी. बघता बघता एकोणीस माणसं पाठमोरी उभी राहिली. पेठेत जणू हरभरा उगवला होता.

रुक्माबाई दाराची चौकट धरून हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता तिनं गाडीवानाला हातानंच भांडी उतरवायला सांगितली. हरिचंदनं चूल पेटवली, गोजरबाईनं पीठ मळायला घेतलं, आणि बाकड्यावर बसण्यासाठी रांग लागली.

संध्याकाळ होत आली तरी पंगती उठतच होत्या. पाणी संपलं. उत्तमराव जेवायला बसणार एवढ्यात रुक्माबाईनं त्यांच्या हातात घागर दिली. ते मुकाट्यानं विहिरीवर गेले. मी दुसरी घागर घेऊन मागोमाग गेलो. पाचवी खेप झाली, सातवी झाली. नवव्या खेपेला ते रहाटाला टेकून धापा टाकत म्हणाले, "दाजी, ही विहीर दरवेळी थोडी जास्त खोल होऊन राहिली. ह्यात नक्की कुणाचा तरी हात आहे."

"आधी घागर वर घ्या," मी म्हणालो.