गोरोबाआण्णांच्या वाचनालयाची पाहणी

सरपंच रामहरीनं वाचनालयाच्या दारात मोटारसायकल उभी केली आणि खाली न उतरताच सांगितलं, "आण्णा, अनुदानाच्या पाहणीला उद्या पंचायत समितीच्या मॅडम येणार हायत."

"कशाला?" गोरोबाआण्णांनी विचारलं.

"तुमीच अर्ज केलाय की, नव्या पत्र्यांसाठी."

"अर्ज केलाय, म्हून बघायला कशाला पायजे? आमच्यावर भरवसा न्हाय व्हय?"

भरवशाची गोष्ट आण्णांनी काढावी हे जरा जास्तच झालं. सास्तूरच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात ते बावीस वर्षं सार्वजनिक वाचनालय चालवत होते, आणि बावीस वर्षांत त्यांनी एकही पुस्तक बाहेर जाऊ दिलं नव्हतं. कुणी मागायला आलं की ते आधी त्याचे हात बघत, मग अनामत मागत आणि शेवटी विचारत, "परत आणून देशील कशावरून?" याला काय उत्तर देणार? माणूस कालचा पेपर चाळून घरी जाई. चार कपाटांत बाराशे पुस्तकं, प्रत्येक कपाटाला कुलूप आणि किल्ल्या आण्णांच्या करदोड्याला.

पण पुस्तकांवर त्यांचा जीव होता, हे मात्र खरं. वाचनालय भरायचं ते भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तिची आता चाळण झाली होती. गेल्या पावसाळ्यात अख्खं कपाट भिजलं, तेव्हा आण्णांनी चाळीस पुस्तकं दोरीवर वाळत घातली आणि चारचौघांदेखत डोळे पुसले. त्यात रामहरीनं बजावून ठेवलं होतं, "यंदा अनुदान न्हाय आलं तर शेड खताच्या पोत्यांना द्यावं लागंल." त्यामुळे उद्याची पाहणी म्हणजे वाचनालयाचं जगणं-मरणं होतं.

पाहणी काय असते ते आण्णांना पक्कं ठाऊक होतं. भूकंपानंतर सर्व्हेला आलेल्या माणसाला त्यांनी खरं सांगितलं होतं, "एक खोली हाय उभी." तेवढं वाक्य कागदावर चढलं आणि नव्या घरांच्या यादीत आण्णांचं नाव खाली गेलं. डोकं धरून नुसते बसलेले शेजारी वर गेले. तेव्हापासून त्यांनी खूणगाठ बांधली होती की, हातात फाइल असलेल्या माणसाला आपल्याकडं काहीही दिसता कामा नये. बाराशे पुस्तकं बघून मॅडम काय म्हणणार? एवढं सगळं हाय की, अजून काय पायजे!

त्याच दुपारी बैलगाडी जुंपली गेली आणि आण्णा दारोदार पुस्तकांचे गठ्ठे उतरवू लागले.

"नुसती ठिवायची. उघडायची न्हाईत," त्यांनी शेजारच्या सिताबाईला दम दिला.

सिताबाईनं गठ्ठ्याकडं आणि मग आण्णांकडं पाहिलं. "बावीस वर्सांत एक दिलं न्हाय, आन् आज पन्नास? आण्णा, चोरीचा माल न्हाय न्हवं?"

"काय बी बोलू नका!"

"मंग उघडायची कामून न्हाईत?"

आण्णांनी बैल हाकलले आणि इथंच घोटाळा झाला. संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोलणं, की म्हाताऱ्यानं पुस्तकांत काहीतरी लपवलंय. कुणी म्हणे जमिनीचे कागद, कुणी म्हणे मृत्युपत्र. मग घरोघर पुस्तकं झटकली गेली. झटकून काही पडेना, म्हणून एकेक पान उलटून पाहणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी हर्षाली मॅडम स्कूटीवरून आल्या. आण्णांनी शक्य तेवढं पडेल तोंड करून चारी कपाटं सताड उघडून दाखवली. "बघा, मॅडम. आमच्याकडं काईच न्हाय."

"अर्जात बाराशे पुस्तकं लिहिलीत."

अर्ज आण्णांनी स्वतः लिहिला होता, तोही सुवाच्य अक्षरात.

"बाराशे दाखवायची आणि एकही ठेवायचं नाही?" मॅडमनी पेन काढलं. "काय लिहू मी यावर?"

खताची पोती आण्णांच्या डोळ्यांपुढं नाचू लागली. "लोकांकडं हायत!" ते ओरडलेच.

"सगळी? रजिस्टर दाखवा."

रजिस्टर कोरं होतं. मॅडमचा संशय आता पार भुवयांपर्यंत चढला. "चला, घरं दाखवा."

सिताबाई ओट्यावर बसली होती. सुपात तूर तशीच, मांडीवर पुस्तक.

"सिताबाई, ह्या मॅडम..."

"थांबा वो आण्णा! तिला सासऱ्यानं आत्ताच घराबाहेर काढलंय."

पुढच्या घरी शेळ्यांच्या आजारांवरचं पुस्तक मोठ्यानं वाचलं जात होतं आणि पाच जण ऐकत होते. त्यापुढच्या गोठ्यात बब्रुवान धारेची बादली बाजूला सारून गुप्तहेरामागं लागला होता. ही मंडळी आपली जिरवायला सोंग करतायत, अशी आण्णांची खात्रीच झाली. अकराव्या घरी मॅडमनी फाइल मिटली.

"आजवर मी कुलूपबंद वाचनालयंच बघितली. नोंदसुद्धा न करता सगळी पुस्तकं लोकांच्या हवाली करणारा, माणसांवर इतका विश्वास टाकणारा माणूस पहिल्यांदा बघितला. पत्र्यांची शिफारस करते."

बाई चेष्टा करतायत का, हे आण्णा त्यांची स्कूटी दिसेनाशी होईपर्यंत निरखत राहिले.

पण चैत्राच्या आत पत्रे खरंच आले. कपाटं पुसून आण्णा गाडी घेऊन पुस्तकं परत आणायला निघाले, आणि ज्या दारात जावं तिथं "अजून संपलं न्हाय" हेच ऐकून मोकळ्या गाडीनं सिताबाईच्या ओट्याशी आले.

"एक तरी द्या वो. नव्या पत्र्याखाली कपाटं रिकामी बघवत न्हाईत."

सिताबाई आत गेली आणि जुन्या लुगड्याचं कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन आली. आण्णांनी हात पुढं केला, तशी तिनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"देते. पर परत आणून द्याल कशावरून?"

आण्णांनी करदोड्याच्या किल्ल्या सोडल्या आणि अनामत म्हणून तिच्या हातावर ठेवल्या.