पान तीनवरच्या विधवेचं पुनर्वसन

सेवा-समन्वय मंडळाचं मुखपत्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला निघतं. मंडळातून वेळेवर बाहेर पडणारी ती एकमेव वस्तू असल्यामुळे तिच्याकडे वरिष्ठांचं बारीक लक्ष असतं. चार पानांचं हे हिंदी वर्तमानपत्र भोपाळमधल्या झाडून साऱ्या सरकारी कचेऱ्यांत फुकट जातं. त्याची जबाबदारी सहायक संचालक अरविंद भुसारी यांच्याकडे होती. भुसारींचे वडील राजधानीच्या दप्तराबरोबर नागपूरहून भोपाळला आले, नियमात राहून नोकरी केली आणि नियमात राहूनच निवृत्त झाले. मुलानेही घराण्याची रीत सोडली नव्हती. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तर फाइल बघून सांगतो म्हणायचं, या दोन तत्त्वांवर त्यांची हयात सुखरूप गेली होती.

मार्चचा अंक महिला सशक्तीकरणाचा होता. पानं लावायला आदित्य नावाचा तरुण होता, गोविंदपुऱ्यातल्या एका छापखान्यातून कंत्राटावर घेतलेला. पानं लावणाऱ्या मंडळींची एक जुनी बोली आहे. दोन रकान्यांमधल्या मोकळ्या पट्टीला ते गटर म्हणतात. परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या रकान्याच्या डोक्यावर एकटीच जाऊन बसली, तर ती 'विडो'. परिच्छेदाची पहिलीच ओळ रकान्याच्या तळाशी एकटी राहिली, तर ती 'ऑर्फन'. अशा ओळी डोळ्याला टोचतात, म्हणून मजकूर जरा मागेपुढे सरकवून त्यांना घालवतात. यात कोणाचं काही जात नाही.

पण त्याच सुमारास संचालिका मॅडमनी परिपत्रक काढलं होतं की, कार्यालयातले सर्व शेरे यापुढे राजभाषेतच लिहावेत. इंग्रजी शब्द आढळल्यास कारवाई होईल. आदित्य कंत्राटी असल्यामुळे परिपत्रकं वाचत असे. त्याने प्रुफावर लाल शाईने स्वच्छ अक्षरात शेरा मारला: 'पृष्ठ ३ पर एक विधवा, दो अनाथ। तुरंत हटाएँ।' आणि घाईगर्दीत तेच प्रूफ सहीसाठी मॅडमच्या टेबलावर गेलं.

भुसारींना बोलावणं आलं.

"भुसारीजी, महिला विशेषांक से विधवा हटा रहे हैं आप? वो भी तुरंत?"

"मॅडम, वो लाइन है," भुसारी अजिजीने म्हणाले. वाक्य होतं, 'पीड़ित परिवारों को तत्काल सहायता प्रदान की गई।' त्यातला 'गई' तेवढा पुढच्या रकान्याच्या डोक्यावर एकटा पडला होता. पान लावणारे त्याला विडो म्हणतात, आदित्यने परिपत्रकाबरहुकूम भाषांतर केलं, असं त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं.

"मुझे पता है. मैंने पत्रकारिता में एम.ए. किया है," मॅडम म्हणाल्या.

भुसारींचा जीव भांड्यात पडला. पण मॅडमचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की, त्यांना समजतं, भुसारींना समजतं, पण प्रूफ आता फाइलला लागलं आहे. उद्या माहितीच्या अधिकारात कोणी ते मागितलं तर त्याला पत्रकारिता येत असेलच असं नाही. त्याला एवढंच दिसणार की, मंडळाने महिला दिनाच्या अंकातून एक विधवा आणि दोन अनाथ बाहेर काढले.

"तो प्रूफ ही बदल दें?" भुसारींनी चाचरत विचारलं.

"फाइल का काग़ज़?" मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की भुसारींना आपण कोणाचा तरी खून सुचवला असं वाटलं. "हटाना नहीं है. पुनर्वास करना है."

दुसऱ्याच दिवशी विधवा-अनाथ पंक्ती पुनर्वास समिती स्थापन झाली. भुसारी सदस्य-सचिव. समितीत अडाणी कोणी नव्हतं. आपण एका ओळीबद्दल बोलतो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि म्हणूनच चर्चा मोकळेपणाने झाली. खरी विधवा असती तर निधीचा प्रश्न आला असता. ठरलं ते असं: 'गई' या पंक्तीला पान तीनवर स्वतंत्र निवास द्यावा. चारी बाजूंनी ठळक रेघ असलेली चौकट, आत गुलाबी रंग. दोन्ही अनाथ ओळी सुस्थित परिच्छेदांना दत्तक द्याव्यात. त्यातली एक ओळ कुक्कुटपालनाच्या लेखातली होती, ती मॅडमच्या संदेशात बसत होती. त्यामुळे संदेश असा झाला: 'नारी शक्ति को मेरा नमन। दाना डालने से पहले हाथ अवश्य धोएँ।' भुसारींनी भीतभीत लक्ष वेधलं. मॅडम म्हणाल्या, गोद लिए हुए में भेद नहीं करते.

भोपाळात बातमी फुटायला वर्तमानपत्र लागत नाही. शिवाजी नगरच्या क्वार्टरांमध्ये दोन दिवसांत बोलबाला झाला, की भुसारीसाहेबांच्या समितीतून विधवांना घरं मिळताहेत.

संध्याकाळी प्रमिला खापरे भुसारींच्या घरी आल्या. त्यांचा नवरा बाळू मंडळात ड्रायव्हर होता. तो गेला त्याला वर्ष होत आलं होतं. मुलगी ऋतुजा हिचा अनुकंपा नोकरीचा अर्ज फिरत होता, आणि तो कुठे तरी टेकेपर्यंत क्वार्टर राहू द्यावं एवढीच प्रमिलाबाईंची मागणी होती. मुदतवाढ मिळाली नाही तर एप्रिलअखेर घर खाली करायचं होतं.

"भाऊजी, तुमची समिती झाली म्हणे. मी म्हटलं, तुमच्याच हातात असल्यावर आणखी कोणाकडे जाऊ?" असं म्हणून त्यांनी अर्ज पुढे केला.

भुसारींनी तो घेतला. चष्मा लावून वाचला. "बघतो," म्हणाले. प्रमिलाबाई हात जोडून गेल्या.

आतून भुसारींच्या पत्नी सरोजताई बाहेर आल्या. "अहो, ती समिती ओळीची आहे, हे सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ओळीला घर देता आणि मला नाही."

"बरोबरच म्हणाली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं," भुसारी म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

अर्ज मात्र त्यांनी प्रामाणिकपणे समितीपुढे ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, अर्जदार कोणत्या पानावर आहेत? भुसारी म्हणाले, कोणत्याच नाहीत, क्वार्टरमध्ये आहेत. मग प्रश्नच मिटला. योजना मुद्रित विधवांसाठी होती आणि अर्जदार अमुद्रित होत्या. अर्ज अपात्र ठरला. तेवढ्यात एका सहृदय सदस्याला कल्पना सुचली: अंकाच्या विमोचनाला एक महिला लागणारच आहे, याच बाईंना बोलावलं तर? त्या निमित्ताने त्या छापल्याही जातील. सर्वांनी या माणुसकीचं कौतुक केलं.

विमोचनाचा फोटो त्याच अंकात हवा होता, म्हणून विमोचन अंक छापण्याच्या आधी झालं. असं करताना छापखान्यात डमी वापरतात, म्हणजे कोऱ्या कागदांची वर्तमानपत्रासारखी घडी. शाल, श्रीफळ आणि डमी प्रमिलाबाईंच्या हाती देण्यात आली. टाळ्या झाल्या. फोटो झाला. खाली उतरताना त्यांनी भुसारींना हळूच विचारलं, "भाऊजी, याने घराचं होईल ना?"

"प्रक्रिया सुरू आहे," भुसारी म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं.

छपाईच्या दिवशी आदित्यने पान तीन त्यांच्यापुढे ठेवलं. डावीकडे गुलाबी चौकटीत 'गई', उजवीकडे प्रमिलाबाई, आणि दोघींच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मथळा: 'बेसहारा विधवा को मिला सम्मानजनक आवास'.

"सर, हेडिंग फोटो के ऊपर भी जा रही है. लोक समजतील बाईंनाच घर मिळालं. चौकटीपुरती छोटी करूया?"

भुसारींना ते दिसत होतं. चांगलंच दिसत होतं. पानाच्या कोपऱ्यात मॅडमची सहीही दिसत होती.

"सही झाली आहे," ते म्हणाले.

अंक गाजला. इतर खात्यांनी प्रती मागवल्या. वरून आदेश आला की, प्रत्येक मुखपत्राने दर अंकात किमान पाच विधवा पंक्तींचं पुनर्वसन करून दाखवावं. चांगले नीट बसलेले परिच्छेद तोडून विधवा तयार करणं, हे आता आदित्यचं काम झालं.

एप्रिलात आवास शाखेचा आदेश निघाला. श्रीमती प्रमिला खापरे यांना सन्मानजनक आवास मिळाल्याचं मंडळाच्याच मुखपत्रावरून सिद्ध होत असल्याने मुदतवाढीची विनंती अमान्य. सोबत पान तीनचं कात्रण, साक्षांकित.

त्या दिवशी भुसारी न बोलावता मॅडमच्या खोलीत गेले. असं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं.

"मॅडम, उन्हें घर नहीं मिला है."

"मुझे पता है."

"आवास शाखा को एक फोन—"

"क्या कहूँ? कि मंडल का पत्र झूठ छापता है?"

भुसारी दारापर्यंत जाऊन परत फिरले. म्हणाले, निदान भूल-सुधार तरी छापू द्या. मॅडमनी मेच्या अंकाचा आराखडा पुढे ओढला. मग म्हणाल्या, ठीक है. पृष्ठ चार. नीचे.

भूल-सुधार मेच्या अंकात यायचा होता. क्वार्टर एप्रिलात खाली झालं. सोनागिरीला भावाकडे एक खोली होती, तिथे जायला टेम्पो आला. भुसारी गाद्या उचलू लागले. कपाटाचं एक टोक धरून जिना उतरताना त्यांचा श्वास फुलला, तरी त्यांनी सोडलं नाही. शेवटी प्रमिलाबाई कुलपाची किल्ली त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी माझ्या हातात दिला ना तो पेपर, तो कोराच होता. मी तेव्हाच म्हणणार होते. पण तुम्ही सगळे इतक्या टाळ्या वाजवत होता, की म्हटलं, मलाच वाचता येत नसेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर भुसारींना त्या रात्री झोप लागली असती.

मेच्या अंकात पान चारच्या तळाशी, निविदांच्या खाली, छापखान्यातल्या सर्वांत बारीक टायपात भुसारींनी स्वतः लिहिलेला मजकूर आला: 'मार्च अंक के पृष्ठ ३ में त्रुटी हुई है। चित्र में दिख रही महिला को आवास नहीं मिला है। वे बेघर हो रही हैं।' मंडळाच्या इतिहासात इतकं खरं वाक्य आधी छापलं गेलं नव्हतं. आता कोणी तरी वाचेल, कोणी विचारेल, एखादा वरून फोन येईल, या आशेवर भुसारी रोज टपाल स्वतः उघडू लागले.

आणि एक दिवस पत्र आलं. एका सुजाण वाचकाने, शिवाजी नगरातल्याच एका निवृत्त मराठी गृहस्थांनी, पान चारचा तळ भिंग लावून वाचला होता. पत्र संतापाने थरथरत होतं. 'त्रुटी' हा शब्द मराठीत दीर्घ असला तरी हिंदीत 'त्रुटि' असा ऱ्हस्व लिहितात, हे शासकीय मुखपत्राला ठाऊक नसावं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असं त्यांनी कळवलं होतं. बाकीच्या मजकुराबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

मंडळात धावपळ उडाली. मॅडमनी त्याच दुपारी बैठक घेतली. भुसारींना ताकीद मिळाली. जूनच्या अंकात पहिल्या पानावर, घडीच्या वर, म्हणजे पेपर न उलगडताही दिसेल अशा जागी, ठळक चौकटीत छापून आलं: ''त्रुटी' के स्थान पर कृपया 'त्रुटि' पढ़ें। असुविधा के लिए खेद है।' प्रमिलाबाईंचं वाक्य जागेअभावी पुन्हा छापता आलं नाही.

इथवर वाचताना तुम्हालाही एखादी वेलांटी खटकली असेलच. अवश्य कळवा. त्या पत्रांची दखल ताबडतोब घेतली जाते.